खळं

रात्री पावणेतीनला पडद्यावर
मी एका माणसाचं फुप्फुस चाळते,
वरून खाली, मिलिमीटर मिलिमीटर.
बाहेर ग्रोनिंगनच्या गल्लीत कुणाची तरी सायकल
वाऱ्याने आडवी पडलीय. उचलायला कुणी नाही.

हार्मेन वीबिंगा, वय एकसष्ट.
ड्रेन्थच्या वाळूत लिलीचे कंद पिकवणारा.
रक्ताचा कॅन्सर. औषधांनी मज्जा धुऊन काढल्याला बारावा दिवस.
पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य,
म्हणजे अवस.
ताप पाच दिवस हटत नाही.
साधा एक्स-रे काल म्हणाला, सगळं ठीक.
एक्स-रेचं काय, तो भिडस्त आहे.

उजवीकडे, वरच्या खणात,
चौदा मिलिमीटरची गाठ
आणि तिच्याभोवती धूसर,
पाणी घातलेल्या दुधासारखं
खळं.
चंद्राला पडतं तसं.

बुरशीचा तंतू नसेच्या भिंतीतून आत घुसतो
आणि भोवती थोडं रक्त झिरपतं, एवढंच ते.
चार दिवस दिसतं, मग विरतं.
पण असलं खळं पाडणारी
दुसरीही मंडळी आहेत,
म्हणून हात आखडता घेऊन लिहिते: ‘शक्य’.

आमच्याकडे शब्द तीनच.
शक्य. संभाव्य. सिद्ध.
तिसरा लिहायचा तर तुकडा कापून बघावा लागतो,
आणि ज्याच्या प्लेटलेट्स अकरा हजार
त्याच्या छातीत सुई घालायला कुणाचा हात धजेल?
मी शिकत होते तेव्हा तिसरा शब्द
बहुतेक वेळा तळघरात लिहिला जायचा,
थंड टेबलाशी, सावकाश.

रक्ताची तपासणी कोरी आली.
बुरशीच्या भिंतीतली साखर तिच्यात नाही.
आधीपासून चालू असलेल्या गोळीने ती लपवली,
की मुळात चोरच आला नव्हता?

सकाळी सीत्स्केने प्लेटलेट्सच्या दोन पिशव्या चढवल्या,
नळी उतरवली, मीठपाणी सोडलं, परत ओढलं.
गढूळ, वाटीभर.
त्यात साखर होती. भरपूर.
मी शब्द बदलला.

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतून युर्रेचा फोन:
बशीत उगवलंय, धुरकट हिरवं,
आणि आपल्या गोळीला ते भीक घालत नाही.
हा माणूस करतो काय?

कंद बुडवतो.
दर वर्षी लावणीआधी,
बुरशी लागू नये म्हणून, औषधाच्या पाण्यात.
ते औषध आणि आमची गोळी चुलत बहिणी.
शेडमागे टरफलांचा, सडक्या पाकळ्यांचा ढीग,
नोव्हेंबरच्या थंडीत वाफाळणारा.
त्यात ती वर्षानुवर्षं
थोडं थोडं पचवायला शिकत बसलेली.

हे त्याला कुणी सांगितलं, ठाऊक नाही.
मास्कच्या आतून तो म्हणाला म्हणे,
“म्हणजे मीच तिला शाळेत घातली.”

मग पिवळं औषध, शिरेतून.
हुडहुडी. मूत्रपिंडांवर रोजची पाळत.
फ्राउक्ये काचेपलीकडे विणत बसायची,
काय ते तिलाही नक्की माहीत नव्हतं.

तेविसाव्या दिवशी नवं स्कॅन.
शिकाऊ डॉक्टर घाबरला:
गाठ मोठी झालीय, आत पोकळी पडलीय!
मी खुर्ची पुढे ओढली.
काळ्या हवेची बारीक कड,
गाठीच्या वरच्या अंगाला.
कोर.

पेशी परतल्यात, मी म्हटलं.
मेलेलं मांस कडेने सुटतंय.
याच कोरेतून कधी कधी
माणूस घळाघळा रक्तही ओकतो,
हे मात्र दाराशी पोचल्यावर
मागे वळून सांगितलं.

तो घरी गेला, डिसेंबरात.
त्याच्या कागदावर अजून ‘संभाव्य’च आहे.
फ्राउक्येने त्याचे रबरी बूट
दाराबाहेर तीनदा धुतले, असं ऐकलं.
ढिगाचं काय झालं, ते मी विचारलं नाही.